आईचं वजन आणि शुक्रवारची सवाष्ण

त्या वर्षी कामावरून घरी आले की चपला काढायच्या आधी मी आईला म्हणायची, "आ कर बघू." आई निमूट तोंड उघडायची. मी पुढे वाकून बघायची, वास घ्यायची आणि मगच हातपाय धुवायला जायची. बाबा खाटेवरून म्हणायचे, "ही पोरगी पोलिसात जायला हवी होती." आई काहीच बोलायची नाही, आणि तिचं ते गप्प राहणंच मला जास्त खटकायचं.

मुळात माझा स्वभाव संशयी. त्यात नोकरीही तसलीच. मरोळच्या एका औषधाच्या कारखान्यात मी इंजेक्शनच्या बाटल्या तपासते. दिव्यापुढे बाटली धरायची, हलवायची, आत एखादा धागा किंवा काचेचा कण तरंगताना दिसला की बाजूला काढायची. स्वच्छ दिसणाऱ्या वस्तूत कचरा शोधायचा मला पगार मिळतो. ती नजर गेटावर ठेवून घरी येता येत नाही.

आईच्या ऑपरेशनला आता वर्ष होत आलं. ओळखीतल्या दोघीतिघींना डॉक्टरांनी आईचं किंवा सासूचं वजन उतरवायला सांगितलंय, आणि त्या मला विचारायला येतात. भाकरी किती, भात किती, हे मी सांगतेच. पण आमच्याकडे जे झालं ते भाकरी-भातात मावत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

गाठ

आई खोकताना बेंबीवर हात दाबून धरते, हे मला उन्हाळ्यात दिसलं. विचारलं तर म्हणाली, "सवय आहे." खोकताना बेंबी धरायची सवय जगात कुणाला असते? चार दिवस मी तिच्यावर पाळत ठेवली. पाचव्या दिवशी ती मोरीतून लुगडं सावरत बाहेर आली तेव्हा मी आडवी उभी राहिले आणि म्हटलं, दाखव. बेंबीपाशी लिंबाएवढी गाठ होती. कितीतरी महिन्यांपासून ती निरीच्या आड लपवून फिरत होती.

मी मनात सगळ्यात वाईट तेच धरलं. हॉस्पिटलच्या बाकावर आमचा नंबर येईपर्यंत मी आईचा हात सोडला नाही, आणि आईला वाटलं की मी घाबरलेय म्हणून तीच मला थोपटत होती. घाबरले होतेच. डॉक्टरीणबाईंनी गाठ दाबून बघितली, आईला खोकायला लावलं आणि म्हणाल्या, "हर्निया आहे. तुम्ही समजताय तसलं काही नाही." मला तिथल्या तिथे रडू आलं. रडता रडताच मी विचारलं, "नक्की ना?" त्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

ऑपरेशन करायचं, पण आत्ता नाही. पोटावर चरबीचा एवढा थर की शिवलं तरी टाके धरणार नाहीत, असं त्या म्हणाल्या. आधी वजन उतरवायचं, तेही हळूहळू. उपाशी राहायचं नाही, उपास वाढवायचे नाहीत, वेळेवर साधं जेवायचं आणि रोज चालायचं. मात्र गाठ कडक झाली, आत जाईना आणि उलट्या सुरू झाल्या, तर क्षणभरही थांबायचं नाही. आतडं अडकलं तर जिवावर बेततं.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "गाठ बेंबीला आणि शिक्षा तोंडाला." मग लगेच गंभीर होऊन म्हणाली, "चाळीत कुणाला सांगायचं नाही हं. बेंबीचं दुखणं काय चारचौघांत सांगायचं?" मी हो म्हटलं.

काटा

मी घर ताब्यात घेतलं. तेलाच्या बरणीत पळी होती तिथे चहाचा चमचा आला. रेशनवर साखर आणि पामतेल उचलणं बंद केलं. दुपारच्या भाताची जागा नाचणीच्या भाकरीने घेतली, ताटात अर्धी जागा पालेभाजीची. मासे रविवारी, तेही कालवणात, तळलेले नाहीत. आमच्या घरात तळलेला बांगडा बंद होणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

सकाळी मी आईला चालायला न्यायची, आरे कॉलनीच्या रस्त्याने. तिला कॅनव्हासचे बूट घेतले. लुगड्याखाली बूट दिसतात म्हणून ती पहिले काही दिवस लुगडं लोळवत चालली आणि दोनदा अडखळली. तबेल्यापाशी थांबून म्हशी बघायची. "बघ, ह्या दिवसभर खातात, ह्यांना कोणी काही म्हणत नाही," असं म्हणायची. पण चालायची. सुरुवातीला तबेल्यापर्यंत, मग पुढच्या वळणापर्यंत.

वजन करायला मी तिला औषधाच्या दुकानाबाहेरच्या काट्यावर न्यायची. त्या काट्यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून थिएटरबाहेरच्या तिकिटाच्या मशीनवरही उभी करायची. त्या तिकिटाच्या मागे भविष्य छापलेलं असायचं. मी आकडा वाचायची, आई भविष्य. "तुमचा स्वभाव उदार आहे," हे तिला अगदी पटलं.

पावसाळा लागेपर्यंत दोन्ही काटे एकच सांगत होते. आई उतरत होती. हिरव्या बांगड्या मनगटावरून वर सरकत होत्या, पोलक्यांना आतून शिवणी घालाव्या लागल्या, गालांची हाडं दिसायला लागली. मी खूश होते. आणि मग काटा थांबला. आषाढात थांबला तो हलायलाच तयार नाही.

पोट कुणाचं सुटलं

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबतं कधीकधी, धीर धरा. धीर धरणं माझ्या स्वभावात नाही. मी डबे हुंगले. गुळाच्या ढेपेवर नखाने खूण केली. संध्याकाळी "आ कर" सुरू झालं ते तेव्हापासून.

घरात सगळं जागच्या जागी होतं. सकाळी मी झाकून ठेवलेली भाकरी-भाजी संध्याकाळी संपलेली असायची. "जेवलीस?" विचारलं की आई म्हणायची, "भांडी बघ ना." भांडी खरंच रिकामी.

मग माझी नजर बाबांकडे वळली. गिरणी बंद पडल्यापासून बाबा मरोळलाच एका गाळ्यावर रात्रपाळीचे वॉचमन होते. सकाळी यायचे, दुपारभर झोपायचे. त्या पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात पोट कुणाचं सुटत असेल तर ते बाबांचं. खाकी पँटचं वरचं बटण त्यांनी सोडलं होतं. मला वाटलं, हेच येताना काहीतरी बांधून आणतात आणि दोघं मिळून खातात. बाबांना आई गुबगुबीतच आवडते, हे मला माहीत होतं.

"बाबा, येताना काय आणता?" मी एकदा सरळच विचारलं.

"काय आणणार? छत्री."

"पोट कशाने सुटलं मग?"

"तुझ्या आईने हल्ली भाकरी वाढवलीय माझी," बाबा म्हणाले. "नको म्हटलं तरी वाढते."

आई मोरीत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज एकदम वाढला. मी ते ऐकलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही.

पुरण

श्रावणातला शुक्रवार होता. मी घरी पोचले तेव्हा आई खाटेवर दुमडून पडली होती आणि बाबा ड्यूटीचे कपडे घालून तसेच तिच्या उशाशी उभे होते. गाठ दगडासारखी झाली होती. बघता बघता आईला उलटी झाली. बाबांनी घमेलं पुढे धरलं. मी घमेल्यात बघितलं.

आई मरते की काय अशी भीती मला वाटत होती, हे खरं. आणि त्याच वेळी मी घमेल्यात बघून ओळखलं की हे पुरण आहे, हेही खरं. चणाडाळ, गूळ, वर तुपाचा तवंग. आमच्या घरात महिनोन्महिने गूळ फुटला नव्हता.

रिक्षात आई माझ्या खांद्यावर मान टाकून कण्हत होती. बाबा पुढे वाकून रिक्षावाल्याला "भाई, जरा संभाल के, जरा जल्दी" असं दोन्ही एकदम सांगत होते. हॉस्पिटलात नर्सांनी तिला आडवं केलं, पायाकडची बाजू वर उचलली, बर्फ लावला आणि डॉक्टरीणबाई बराच वेळ हलक्या हाताने गाठ दाबत राहिल्या. शेवटी ती आत गेली. बाईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि विचारलं, "दुपारी काय खाल्लं होतं?"

"भाकरी," आई म्हणाली. "पालेभाजी."

"पुरणपोळी," मी म्हणाले.

आईने डोळे मिटले. बाई म्हणाल्या, "या वेळी गेली आत. दर वेळी जाईल असं धरून चालू नका." बाबा भिंतीला टेकून उभे होते, ते खालीच बसले.

दुसऱ्या दिवशी आईने सांगितलं. चाळीत तिला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावतात. श्रावणी शुक्रवारी बोलावतातच, पण आषाढातही कुणाचा देवीचा नवस, कुणाचं उद्यापन, कुणाकडे नुसतीच पूजा. मी कारखान्यात, बाबा झोपलेले, भर दुपारी ती जाऊन जेवून यायची. पाय धुतात, हळदकुंकू लावतात, ओटी भरतात. पानात वाढलेलं टाकता येत नाही. नवरा जिवंत असलेल्या बाईने सवाष्णीचं आमंत्रण नाकारायचं, तर ते कुणाच्या नावाने नाकारायचं? घरची भाकरी मग ती बाबांच्या ताटात सरकवायची.

"आणि माझं 'आ कर'?"

"राख लावून दात घासायचे," आई म्हणाली. "रोज."

सावंतकाकी

मला राग आला होता, पण त्याहून मोठा होता संशय. इतकी वर्षं आम्ही या चाळीत. दुपारी बोलावण्याजोग्या सवाष्णी चाळीत पुष्कळ. मग यंदाच सगळ्यांना आमचीच आई का आठवावी? आणि देवीचे एवढे नवस एकाच पावसाळ्यात कसे फेडायला येतात? बाटलीत काहीतरी तरंगत होतं.

शेजारच्या सावंतकाकी मूळच्या मालवणकडच्या, तोंडाने फटकळ, हाताने सढळ. ते शुक्रवारचं पुरण त्यांच्याच घरचं. आई हॉस्पिटलातून आल्यावर त्या तब्येत विचारायला आमच्या दारात आल्या. मी त्यांना उंबऱ्यातच गाठलं.

"काकी, खरं सांगा. आईलाच का बोलावता सगळ्या?"

त्या आधी इकडची तिकडची बोलल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, "अगो नंदा, आता इचारतंस तर आयक. तुझ्या बापाशीची गिरण बंद झाली. तुझी आवस डोळ्यांदेखत सुकान चल्ली. रेशनाच्या लायनीत मी तुझ्या मागेच होतंय, तू साखर सोडलंस, त्याल सोडलंस. तुमच्या दारातसून फोडणीचो वास येवचो बंद झालो. मगे आमका काय वाटात? चार बायका बसलाव आणि ठरवलाव, मानान बोलवया, मानान जेवंदे."

माझं काटेकोर पथ्य, माझा चहाचा चमचा, आणि चाळीला वाटलं की आमच्याकडे चूल पेटत नाही.

"काकी, ते डॉक्टरांनी सांगितलं म्हणून!"

"ता तुझ्या आवशीनव..." काकी काहीतरी बोलणार होत्या. पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली, खाटेकडे, आणि त्या थांबल्या. "येतंय मी," म्हणाल्या आणि गेल्या.

खाटेवर बाबा तोंडावर चादर घेऊन झोपले होते. झोपेत बाबा घोरतात. त्या वेळी ते अजिबात घोरत नव्हते.

शेवटचा शुक्रवार

दोन दिवस बाबा जेवताना मान खाली घालून जेवले. तिसऱ्या दिवशी ड्यूटीला निघताना दारात थांबून म्हणाले, "श्रावणातला शेवटचा शुक्रवार आपल्याकडे. सगळ्या सवाष्णी बोलव. एकही घर सोडू नको."

"पुरण?" मी विचारलं.

"तुझी आई खाते तेच," बाबा म्हणाले. "भरपूर कर."

मी सुट्टी घेतली. बाबांनी ड्यूटीवरून येताना आरेतल्या पाड्यावरच्या बायकांकडून टाकळ्याची आणि कुरडूची भाजी टोपलीभर आणली आणि न झोपता निवडत बसले. नाचणीच्या भाकऱ्यांची चळत झाली. मुगाचं कढण, काकडीची कोशिंबीर, ताक, आणि नैवेद्यापुरती, चमचाभर खीर. आम्ही दाराबाहेर ताडपत्री बांधून पंगत मांडली. आईने सगळ्यांचे पाय धुतले, कुंकू लावलं. गिरणीत लूम चालवलेले बाबा टोपलं घेऊन वाढायला उभे राहिले, आणि सावंतकाकींनी "पुरे" म्हटलं तरी त्यांच्या पानात आणखी एक भाकरी पडली.

बायका एकमेकींकडे बघत होत्या. टाकळा? सवाष्णीला? तेव्हा आई पंगतीच्या मधोमध उभी राहिली.

"मला बेंबीचा हर्निया आहे. ऑपरेशन करायचंय. वजन उतरल्याशिवाय डॉक्टरीण हात लावत नाही. मी उपाशी नाही. हे बघा, हेच जेवते मी रोज, आणि पोटभर जेवते. मला पुन्हा बोलवा, पण पानात असलं वाढा. नाहीतर मी सवाष्णच राहीन, जगणार मात्र नाही."

मग सावंतकाकी ओरडल्या, "मेल्यांनू, जेवा गो! भाजी निवाक लागली." आणि जेवायला लागल्या. दोन बायकांनी टाकळा मागून घेतला. तो जेवणाच्या चवीने मागितला की शरमेने, याबद्दल मला अजून शंका आहे.

त्यानंतर आमंत्रणं थांबली नाहीत. पण आईच्या पानात चिमूटभर खीर आणि वाटीभर काकडी यायला लागली. सकाळी चालायला बाबा ड्यूटीवरून परस्पर आरेच्या नाक्यावर येऊन थांबायचे. काही दिवसांनी सावंतकाकीही यायला लागल्या, त्यांचे गुडघे दुखत होते. गणपती, नवरात्र, दिवाळी, या सगळ्यांतून आई पार पडली. काही दिवस वजन वाढलं, काही दिवस उतरलं. मी संध्याकाळी "आ कर" म्हणणं सोडलं नाही. विश्वास ठेवायचा तो ठेवावा, पण तपासून. दिवाळीनंतर दोन्ही काट्यांनी कौल दिला आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता या."

ज्या मला विचारायला येतात त्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगते. डबे नंतर हुंगा, आधी शेजारी सांगा. आपल्याकडे माणूस बारीक झालं की लोक आधी त्याच्या चुलीकडे बघतात.

वॉर्ड

ऑपरेशन नीट झालं. टाके धरले. तिसऱ्या दिवशी भेटायच्या वेळी सावंतकाकी आल्या आणि आईच्या खाटेजवळच्या कपाटावर एक पितळेचा डबा ठेवला. "घरात रांदूक कोण आसा?" बाबांना म्हणाल्या. "कुळथाची पिठी आणि भात आसा. जेवा गरम गरम." आणि बस चुकेल म्हणून लगेच निघाल्या.

डबा ठेवला त्या क्षणी आईचा चेहरा उतरला. मी तो बघितला. ती डब्याकडे बघत नव्हती, बाबांकडे बघत होती.

बाबांनी डबा उचलला, समोरच्या बाकावर बसले, झाकण उघडलं आणि भातावर पिठी ओतून हाताने जेवायला लागले. आजूबाजूला बघितलंही नाही. आईने सोडलेला श्वास मला ऐकू आला.

"काय झालं?" मी हळूच विचारलं.

आई बाबांना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाली, "सावंतीण पहिल्यांदा असाच डबा घेऊन आली होती. आषाढात. हे झोपले होते म्हणून बरं. मी तिला सांगितलं, अगं, डॉक्टरने कमी खायला सांगितलंय. तिला वाटलं, मी लाज झाकतेय. घरात नसलं की सगळे तेच सांगतात. ती काय ऐकते! म्हणाली, रोज आणून देते. मग मीच म्हटलं, बाई, मला जेवायला बोलव, मी येते. पण ह्यांच्यासमोर माझ्या दारात डबा आणू नको."

म्हणजे सवाष्णीची युक्ती चाळीची नव्हती, आईची होती. चार बायकांनी बसून ती पुढे नेली. डॉक्टरांचं आईनेही सांगितलं होतं, हेच त्या दिवशी उंबऱ्यात काकींच्या तोंडावर आलं होतं. पोटात आतडं अडकायची भीती घेऊन माझी आई दारोदार पुरण खात होती, ते बाबांच्या डोळ्यांसमोर कुणी डबा ठेवू नये म्हणून. मला तिचा भयंकर राग आला. तिच्या उशीवर डोकं टेकून रडावंसंही वाटलं. पण टाक्यांना धक्का लागेल म्हणून मी नुसती चादर सारखी करत बसले.

"मला सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"तुला सांगितलं असतं तर तू चाळभर भांडत फिरली असतीस." आईने माझ्याकडे नीट निरखून बघितलं. "तू जेवलीस का गं दुपारी?"

"जेवले की."

"कुठे?"

"कँटीनमध्ये."

"आ कर बघू."

शेजारच्या खाटेवरची बाई बघत होती. मी मान वळवली. आई सलाईन नसलेल्या हाताने माझी हनुवटी धरून तशीच थांबली. शेवटी मी तोंड उघडलं.

"चहा," आई म्हणाली. "सकाळपासून नुसता चहा." आणि मग सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात, टाके दुखत असतानाही, तिने बाबांना हाक मारली, "अहो, सगळं संपवू नका. त्या डब्यातलं पोरीला ठेवा."